चांदीच्या पोटातलं जाळं

नायलॉन आमच्या वाडीत आलं तेव्हा मी तेरा वर्षांची होते, आणि वाडीत माझ्याइतकं चांगलं जाळं कुणालाच विणता येत नाही असा माझा पक्का समज होता. समज अगदीच खोटा नव्हता. बांबूची सुई हातात आली की माझी बोटं थांबत नसत, आणि बोटं थांबली की पाय थांबत नसत. घरातून दारापुढच्या खळ्यात, खळ्यातून जाळी ठेवायच्या मांगरात, मांगरातून किनाऱ्यावर, मी जिथे जायची तिथे धावतच जायची. "हळू चल गो, वारो शिरलो काय अंगात?" हे आयेचं वाक्य मी दिवसातून दहा वेळा तरी ऐकलं असेल. तारकर्लीच्या पुढे, समुद्र आणि खाडी यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर आमचं घर. एका कानाला लाट, दुसऱ्या कानाला खाडीतल्या वल्ह्याचा आवाज. तिथे हळू चालायचं म्हणजे काय, हे मला खरंच कळत नसे.

गणपतीला मामा मुंबईहून आला तो सतरंजीत बांधलेलं एक गाठोडं घेऊनच. आधी जेवायला बसा, म्हणून आये ओरडत राहिली. तिरफळं घालून केलेलं बांगड्याचं तिखलं चुलीवर उकळत होतं, त्याचा वास माडापर्यंत गेला होता, पण कुणाचं लक्ष असेल तर शपथ! गाठोडं सुटलं आणि खळ्यात हिरवट पांढरं जाळं पसरलं. आमची जाळी तोवर सुती. सुती जाळं म्हणजे घरातलं आजारी माणूस. आज उन्हात घाला, उद्या ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवा, परवा पुन्हा उन्हात, आणि एवढं करून एखाद्या सकाळी बघावं तर कोपऱ्यात कुजलेलं. हे नवं जाळं हातात घेतलं तर हाताला काही लागतच नव्हतं. बाबांनी एक टोक धरलं, मामाने दुसरं, मधे आणखी दोघे लोंबकळले. तुटेना! वाडीतली माणसं हसायला लागली, पोरं नाचायला लागली. बाबा, जे सहसा बोलत नसत, ते त्या दिवशी मोठ्याने बोलले.

"ह्या जाळा कुजाचा नाय. मातयेत पुर, पाण्यात ठेव, काय पण कर. आमी कुजतलो, ह्या नाय!"

त्या वाक्यावर सगळे जेवायला बसले. तिखलं थोडं आटलं होतं. मला अजून वाटतं, तसं तिखलं पुन्हा झालं नाही.

आता शिंकाळ्याचं सांगायला हवं, कारण सगळं रामायण त्याच्यावरून झालं. शेळी ही मोठी मानाची जात. पायदळी पडलेला पाला तोंडात घ्यायची नाही, तिला तो वर टांगून हवा. म्हणून आमच्याकडे प्रत्येक घरी जुन्या जाळ्याच्या तुकड्याची पिशवी करत, तळाला सगळे दोरे एकत्र ओढून सुपारीएवढी गच्च गाठ मारत, आत फणसाचा पाला भरत आणि शेळीच्या तोंडाच्या उंचीवर फांदीला टांगत. हे शिंकाळं. जाळ्यात समुद्राचं मीठ आणि माशाचा वास मुरलेला, त्यामुळे पाला संपला की शेळ्या शिंकाळंच चघळत बसत. वर्षाला एक शिंकाळं शेळीच्या पोटात जायचंच. "खाऊन्देत. मीठ गावता तेंका," असं आये म्हणायची, तिची आईही तेच म्हणत असणार. सुती दोरा पोटात गेला की तिथे सडून जाई, शेळीला काही होत नसे, आणि म्हणून कुणी त्याचा विचारच केला नव्हता. मीही केला नाही.

दोन महिन्यांनी खडकात अडकून नव्या जाळ्याचा कोपरा फाटला. तो तुकडा बाबांनी मला दिला. मला! मी तो सोडवला, पुन्हा विणला, बारीक आस घेतले, म्हणजे जाळ्याची भोकं लहान ठेवली, आणि वाडीतलं पहिलं नायलॉनचं शिंकाळं केलं. तळाची गाठ तर अशी मारली की बाबांनी ती दातांनी ओढून बघितली आणि मान हलवली. बाबांची मान हलली म्हणजे बक्षीस. मी ते शिंकाळं आमच्या चांदीसाठी टांगलं आणि दिवसभर वाडीतल्या पोरींना बोलावून बोलावून दाखवलं.

चांदी आमची शेळी. अंग काळं, कपाळावर पांढरा टिळा. त्या वर्षी ती साधी शेळी राहिली नव्हती. माझी मोठी बहीण, आमची आक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आली होती. मुलगा झाला, पण नंतर आक्काला इतका ताप आला की तिचं दूध आटून गेलं. गाईचं दूध पोराला सोसेना, प्यायला की ओकायचं. चांदीचं दूध मात्र पाणी घालून चोचीच्या बोंडल्याने पाजलं की गटागटा प्यायचं आणि मूठ वळून झोपायचं. सकाळ-संध्याकाळ चांदीचं दूध, त्यावर ते पोर. "शेळीनं दूध दिलं तेही लेंड्या घालून" अशी म्हण आहे ना, आमची चांदी त्या म्हणीला अपवाद होती. दूध काढताना ती पुतळ्यासारखी उभी राहायची.

आमच्या कुंपणाच्या, म्हणजे वईच्या, पलीकडे शेवंता काकी राहायची. एकटी बाई, तोंडाने फटकळ, तिच्याकडेही ढवळी नावाची एक शेळी. एका संध्याकाळी आये दूध काढत असताना काकी वईवरून डोकावली आणि म्हणाली, "चरवी भरान दूद देता गो तुमची शेळी! माझी ढवळी बग, निसती खाता."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चांदीने पाला हुंगून सोडून दिला.

दुपारपर्यंत तिची डावी कूस फुगून आली. रवंथ बंद. लेंड्या बंद. मान खाली घालून ती दात करकर वाजवत उभी होती, तो आवाज मला लाटेच्या आवाजावरही ऐकू यायचा. आयेने ओवा-हिंग पाजला, खोबरेल पाजलं, पोट चोळलं. संध्याकाळी दूध निघालं ते वाटीच्या तळाला. बोंडलं अर्धंसुद्धा भरलं नाही, आणि पोराने घर डोक्यावर घेतलं. मग आयेने ठरवून टाकलं. ती वईशी गेली आणि पदर खोचून ओरडली, "शेवंता! तुझ्या डोळ्यान माझ्या नातवाच्या तोंडचा दूद गेला. परत आमच्या खळ्यात पाय घालू नको!"

काकी फटकळ, पण त्या दिवशी उलटून बोलली नाही. थोड्या वेळाने पलीकडून एवढंच ऐकू आलं, "ढवळीचा दूद न्हेवा गो पोराक."

"तुझा दूद नको आमका!" आये म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गाऱ्हाणं. दाजी म्हणून एक म्हातारे वाडीच्या वतीने देवाला गाऱ्हाणं घालत. ते नारळ घेऊन खळ्यात उभे राहिले, चांदी समोर, पाच-सहा माणसं मागे.

"बारा-पाचाच्या देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्या लेकराच्या शेळयेचा पोट फुगला आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"कोणाची दिष्ट पडली आसात, तर ती साता समुद्रापलीकडे न्हेवन बुडव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शेवटच्या "व्हय म्हाराजा"ला मी गप्प होते. कारण गाऱ्हाणं चालू असताना माझं लक्ष फांदीकडे गेलं होतं. शिंकाळं तिथे होतं, पण तळ नव्हता. गेल्या आठवड्यात मला त्याच्या खालच्या अंगाला भोकं पडलेली दिसली होती. मी उंदरांना शिव्या देऊन ती दोनदा सांधली, चांगली घट्ट. म्हणजे मी सांधत होते आणि चांदी खात होती! बाबांचं वाक्य माझ्या कानात वाजायला लागलं. ह्या जाळा कुजाचा नाय. मला सगळं कळलं, आणि मी कुणालाही काही सांगितलं नाही. हे मी आज लिहिते आहे कारण त्याची लाज मला आजही वाटते. वईपलीकडे एक बाई माझ्या वाटणीची बोलणी खात होती, घरात पोर तांदळाच्या पेजेची निवळ पिऊन रडत होतं, आणि वाडीतली सगळ्यांत चांगलं जाळं विणणारी मुलगी मांगराच्या मागे जाऊन बसली होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा म्हणाले, "ढोरांचो डॉक्टर खाडीपलीकडे इलोहा, बैलांका टोचूक. हाडतंय तेका." आये म्हणाली, गाऱ्हाण्याला गुण यायला वेळ द्या. बाबांनी होडी लोटलीसुद्धा.

डॉक्टर निकम साताऱ्याकडचे, तिशीच्या आतले, काडीसारखे. होडीत ते दोन्ही हातांनी कड धरून, डोळे मिटून बसले होते, आणि उतरल्यावर पहिलं वाक्य म्हणाले, "जाताना दुसरा रस्ता आहे ना?" नव्हता. पण चांदीजवळ आले आणि माणूस बदलला. गुडघ्यावर बसले, कुशीला कान लावला, मूठ रोवून दाबलं. दाबलेल्या जागी खड्डा तसाच राहिला.

"काय खाल्लं हिनं?"

"पालो," आये म्हणाली. "फणसाचो पालो. आनी दिष्ट."

"दृष्ट हाताला इतकी कडक लागत नाही, मावशी. आत काहीतरी अडकलंय. काय, ते कळल्याशिवाय मी सुरी कशी लावू? हिचा जीव आधीच अर्धा गेलाय."

आक्का पोराला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. पोराचं रडणं आता मोठं नव्हतं, मांजरासारखं बारीक झालं होतं. तो आवाज मला सहन झाला नाही. मी धावत गेले, फांदीवरून शिंकाळं ओरबाडलं आणि डॉक्टरांच्या पुढ्यात टाकलं.

"ह्या खाल्ल्यान! मी केलंय ता. नायलानाचा आसा. माका काल कळला, मी बोलाक नाय!"

आता थप्पड बसणार म्हणून मी डोळे मिटले. बसली नाही. डोळे उघडले तर बाबा ते शिंकाळं हातात घेऊन उकिडवे बसलेले. त्यांनी फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्या तर कुजाचा नाय."

"नाहीच कुजणार," डॉक्टर म्हणाले, आणि एकदम उठले. "पाणी उकळा! साबण आणा, वस्तरा आणा, घरातली सगळ्यांत स्वच्छ फळी आणा. गाईवर मी हे केलंय. शेळीवर नाही केलेलं, खोटं कशाला बोलू? पण करू. आत्ताच करू!"

त्यानंतर आमच्या खळ्यात जी धावपळ उडाली तिला तोड नाही. आयेच्या पेजेच्या टोपात डॉक्टरांची हत्यारं उकळली (त्या टोपात तिने नंतर जन्मात पेज केली नाही). बाबांच्या दाढीच्या वस्तऱ्याने चांदीची कूस भादरली. पडवीतली फळी खळ्यात आली, चांदीला उजव्या कुशीवर निजवलं, बाबांनी पाय धरले, दाजींनी डोकं. वाडी गोळा झाली. जो तो उंटावरून शेळ्या हाकत होता, असा काप, तसा काप. डॉक्टर कुणाचं ऐकत नव्हते. सुई टोचून त्यांनी जागा बधिर केली, आयोडीन फासलं आणि मला म्हणाले, "तू इथे बस. पिशवी तू केलीस ना? मग बाहेर काय येतं ते तू ओळखायचं." माझ्यापुढे केळीचं पान ठेवलं.

सुरी चालली. मला वाटलं होतं मी बेशुद्ध पडेन. कसली पडते! मी अशी वाकून बघत होते की डॉक्टरांनी दोनदा माझं डोकं कोपराने बाजूला सारलं. कातडीखाली पोटाची करडी पिशवी दिसली. ती त्यांनी बाहेर ओढून कडेला टाके घालून धरली आणि मग उघडली. आंबलेल्या पाल्याचा असा भपकारा आला की अर्धी वाडी वईपर्यंत मागे सरली. डॉक्टरांनी त्यांचा काडीसारखा हात कोपरापर्यंत आत घातला, डोळे मिटले, अगदी होडीत मिटले होते तसे, आणि म्हणाले, "आहे! आहे बरं का!"

आधी मूठ मूठ पाला आला. मग एक टोक आलं, हिरवट पांढरं. ते ओढलं तर मागून आणखी, त्याच्या मागून आणखी, पाल्यात गुंडाळलेलं, पीळ पडलेलं, वेणीसारखं. "इला, इला!" लोक किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढताना ओरडतात तसे ओरडायला लागले. कुणीतरी तर "होय होय" असा ठेकाही धरला. केळीच्या पानावर ढीग साचला, आणि त्यात माझे आस, माझ्या गाठी, आठवड्यापूर्वी सांधलेलं सांधकामसुद्धा, सगळं जसंच्या तसं. एक गाठ सुटली नव्हती. मला भीती वाटत होती, लाज वाटत होती आणि, देवाची शपथ, थोडा अभिमानही वाटत होता.

डॉक्टरांनी हात बाहेर काढला, कपाळ दंडाला पुसलं. "झालं. रिकामं लागतंय." आणि त्यांनी टाक्यांची सुई उचलली.

मी ढीग दोन्ही हातांनी उलटापालटा केला. पुन्हा केला. "थांबा! गाठ नाय!"

"कसली गाठ?"

"बुडाची! सुपारीएवडी आसा. सगळे दोरे तिका बांधलेले. ही बगा, हे सगळे तुटलेले, गाठ नाय हेच्यात. गाठ आत आसा!"

"गप गो!" आये म्हणाली. "तो डॉक्टर काय तू?"

पण डॉक्टरांनी सुई खाली ठेवली. माझ्याकडे बघितलं, मग बाबांकडे. बाबा म्हणाले, "जाळ्याचा तिका कळता." बस, एवढंच. डॉक्टरांनी पुन्हा हात घातला, या वेळी पुढे, छातीच्या बाजूला. तिथे पोटाचा एक लहान कप्पा असतो म्हणे. खांदा वाकडा करून ते चाचपत राहिले. चांदीने एक कण्हल्यासारखा आवाज काढला. मी मनात "व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा" म्हणत होते, एकटीच. आणि डॉक्टरांच्या तोंडावर हसू आलं. त्यांनी मूठ बाहेर काढली आणि माझ्यासमोर उघडली.

माझी गाठ! काळी पडलेली, चोथ्याने माखलेली, पण तशीच गच्च.

"ही राहिली असती तर माझी सगळी शिवण फुकट होती," ते म्हणाले. "काय नाव तुझं?" मला माझं नाव चटकन आठवेना. बाबांनीच सांगितलं, "सुलोचना."

चांदी जगली, हे इथेच सांगून टाकते, तुम्हाला टांगून ठेवायला तुम्ही काही पाला नाही. त्या संध्याकाळी ती उभी राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे, जेवणं सोडून, तिच्यापुढे ओळीने बसलो होतो. तिच्या गळ्यातून एक गोळा वर सरकला आणि जबडा हलायला लागला. आये रडली, बाबा नाक शिंकरायला माडाआड गेले. पुढे तिला दोन वेतं झाली. आमच्या घरी शिंकाळी काथ्याची झाली, आणि बाबा नायलॉनचा एवढासा तुकडासुद्धा वाळूत पडू देत नसत. हल्ली किनारा अशा तुकड्यांनी भरलेला असतो. मी वाकून उचलते, गुडघे शिव्या देतात. नातू म्हणतो, आजी, तू एकटी किती उचलणार? मी म्हणते, मी एकटीने एवढंसं शिंकाळं केलं होतं, तेवढं पुरलं होतं.

पण त्या दुपारचं एक सांगायचं राहिलं. डॉक्टर पेज आणि भाजलेला बांगडा खाऊन, पुन्हा डोळे मिटून होडीत बसले. लोक पांगले. आणि त्या शांततेत पोराचं बारीक रडणं पुन्हा ऐकू आलं. चांदी वाचली होती, पण तिला दूध कुठलं! आये खाली मान घालून चुलीपाशी बसली होती. मी तिच्याकडे बघितलं, तिने माझ्याकडे बघितलं.  तिने रिकामं बोंडलं माझ्याकडे सरकवलं.

एका हातात बोंडलं, दुसऱ्या हातात ती गाठ, अशी मी वईपाशी गेले. काकी दारातच बसली होती. तिथून तिला सगळं दिसलं असणार, सगळं ऐकू आलं असणार. ती काही आली नव्हती, कारण खळ्यात पाय घालू नको असं तिला सांगितलेलं होतं.

"काकी," मी म्हटलं, "दिष्ट नव्हती. माझ्या शिंकाळ्यान झाला. माका कालच कळलेला..." आणि मी गाठ तिच्यापुढे धरली.

"ता मगे सांग. बोंडला हय दी."

ती आत गेली, आणि ढवळीला धरायला जाण्याऐवजी तिने कोनाड्यातली एक चरवी काढली. वर ताटली झाकलेली होती. आत दूध होतं.

"सकाळचा आसा, तापवन ठेवलंय," ती बोंडलं भरता भरता म्हणाली. "कालचा नि परवाचा मांजराक घातलंय. रोज काढून ठेवतंय. म्हटला, वयेकडे कोण तरी येतला."

मी ढसाढसा रडायला लागले.

"शिरा पडली तुझ्या तोंडार, रडतंस काय? हात हलतत, दूद सांडतला. जा, पोराक पाज!"

मी गाठ वईच्या काठीवर ठेवली आणि बोंडलं दोन्ही हातांनी धरलं. वईपासून घरापर्यंत वीस पावलं असतील. त्या दिवशी ती मी पहिल्यांदा चालत गेले.